एकशे पासष्ट हर्ट्झची लाईन

संग्रामपुरात मोटार रिवायंडिंग म्हटलं की गजेंद्र! सव्वीस वर्षांत इतक्या जळक्या मोटारी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, की नुसत्या वासावरून तो सांगायचा, ही फेज गेल्यामुळे जळाली की विहिरीत पाणी नसताना चालवल्यामुळे. विजेच्या बाबतीत 'मला माहीत नाही' असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बायकोनेही नाही.

त्याची मुलगी सुचिता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळायची. त्यावरून आधी घरात पुष्कळ भांडणं झाली. पण तिची टीम एका ऑनलाईन स्पर्धेच्या फायनलला पोचली, तेव्हा गजेंद्र स्वतः खामगावहून गेमिंगचा मॉनिटर घेऊन आला. एसटीत तान्हं बाळ धरावं तसा मांडीवर धरून! रविवारी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने तो जोडला. फायनल त्याच दिवशी, दुपारी चार वाजता.

सव्वातीन वाजता वरच्या खोलीतून, सरावाला बसलेल्या सुचिताची हाक आली.

"बाबा, हा मॉनिटर एकशे पासष्ट हर्ट्झचा हाये, पण साठच देऊन राह्यला! ग्राफिक्स कार्डाचं अन् याचं जुळूनच नाही राह्यलं. मागून केबल पाहू का?"

एवढ्या बोलण्यातून गजेंद्रने एकच शब्द उचलला. हर्ट्झ!

"हात लावू नको! हर्ट्झचं काम हाये ना? मंग ते माह्यावर सोड!"

त्याने मीटर आणून प्लगात घातलं, आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. पन्नास! मॉनिटर मागतो एकशे पासष्ट आणि घरात येतात पन्नास! यंत्र बिचारं उपाशी होतं.

"बाबा, ते हर्ट्झ येगळं," सुचिता म्हणाली. "हे म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती डाव चित्र बदलते..."

"हर्ट्झ म्हणजे हर्ट्झच असते वं!" म्हणत तो जिना उतरलासुद्धा.

समोरच्या घरी लाईनमन कडूबा आपल्या ओसरीवर जेवायला बसला होता.

"कडूबा, मले एकशे पासष्ट पायजे."

"व्होल्ट? अबे, दोनशे तीस येऊन राह्यले तुह्या घरी! कमी काऊन करतं?"

"व्होल्ट नाही, हर्ट्झ! पन्नासचे एकशे पासष्ट. तिपटीच्या वर. पोरीची फायनल हाये."

कडूबाचा घास हातातच राहिला. हे होत नाही, असं त्याला वाटत होतं. पण सांगणारा गजेंद्र होता! "साहेबाले फोन करून पाह्यतो," असं तो पुटपुटला.

शेजारी सिंधूताई मिरच्या वाळवत होत्या. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की लाईन तिप्पट होणार! दहा मिनिटांत गल्लीभर फ्रीजचे प्लग निघाले, टीव्ही बंद झाले. चक्कीवाल्या गोकुळने अर्धं दळण तसंच ठेवून पट्टा उतरवला. कडूबाला फोनवर फोन सुरू झाले. विसावा फोन आल्यावर त्यालाही वाटलं, एवढी माणसं म्हणतात म्हणजे वरून काहीतरी येत असणार! त्याने सरळ जाऊन गल्लीची डीपी, म्हणजे सगळ्या घरांना वीज देणारी पेटीच बंद केली.

तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

गजेंद्र धावत डीपीपाशी पोचला, तर अर्धी गल्ली तिथे उभी.

"चालू कर, कडूबा!"

"अन् तिप्पट आली तं?"

"काही येत नाही!"

"तूच तं म्हणला! मोटर जळली तं कोन भरून देते?" गोकुळ ओरडला.

गजेंद्रने सगळ्यांकडे पाहिलं. वर खोलीत काळ्या स्क्रीनसमोर बसलेली पोरगी त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"मले माहीत नाही!" तो म्हणाला. "ते हर्ट्झ येगळं हाये म्हणते पोरगी. मले त्यातलं काहीच माहीत नाही. पाया पडतो, चालू कर!"

कडूबाने मुकाट्याने दांडा वर केला.

घरी सुचिताने मोबाईलवरून पंधरा मिनिटांची मुदत मागून घेतली होती. ती चिडली नव्हती, रडलीही नव्हती. तेच गजेंद्रला जास्त लागलं.

"बाबा, आता तरी मागून पाहू का?"

त्याने स्वतः कॉम्प्युटरचा डबा फिरवून दिला. तिने वाकून पाहिलं आणि एक केबल उपटली.

"ही कार्डात लावाची होती! कॉम्प्युटरच्या बोर्डात लावली, मंग कार्ड नुसतंच बसून राहीन ना! कोनं लावली?"

"तिथं बसली," गजेंद्र हळूच म्हणाला, "म्हून लावली."

तिने केबल कार्डात बसवली, सेटिंग उघडली, आणि यादीत एकशे पासष्ट आलं! पुढचा तासभर गजेंद्र तिच्या खुर्चीमागे हात जोडून उभा राहिला. खेळातलं काही कळत नव्हतं. ती दचकली की तो दचकायचा. शेवटच्या फेरीत ती किंचाळत उठली, तेव्हा कुठे त्याला कळलं की जिंकलो! त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"पाह्यला ना बाबा, साठ अन् एकशे पासष्टमधला फरक?"

"हाव! लयच फरक!" गजेंद्र गंभीरपणे म्हणाला.

मग चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या बायकोकडे तो सरकला आणि कानाशी कुजबुजला, "शालू, तुले दिसला का वं काही?"

"मले तं दोन्ही डाव," शालूबाई म्हणाली, "पोरगी लोकायले गोळ्या घालतानाच दिसली."