दुसरं डोकं

खंडेनवमीच्या सकाळी बन्नीमंटपातल्या आपल्या घरात संताजीराव दात आवळून कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर एक चक्र गरगरत होतं आणि खाली लिहिलेलं होतं: चाळीस टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका.

हा कॉम्प्युटर काही सिनेमे बघायला घेतलेला नव्हता. शिंप्याचं घर. त्याच्यावर नक्षी काढायची, त्याची वायर भरतकामाच्या मशीनला जोडायची, की मशीन ती नक्षी ब्लाउजवर उठवायचं. कित्येक वर्षं बिनतक्रार चाललं होतं. पण चालणारी वस्तू चालू द्यायची नाही हाच ज्यांचा धंदा, त्या कंपनीनं महिनाभर रोज पाटी लावली होती: तुमची सिस्टम जुनी झाली, नवी घ्या. संताजीराव रोज ती पाटी मिटवायचे, दारात उभ्या फेरीवाल्याला हाकलावं तशी.

आज ती पाटी जावयाला दिसली. लेकीच्या, पूजिताच्या लग्नानंतरचा पहिलाच दसरा, म्हणून देवेशला बेंगळुरूहून मानानं बोलावलं होतं.

"मामा, आज आयुधपूजा. मशीन उद्यापर्यंत बंदच ना? तोवर नवी सिस्टम टाकून देतो. फुकट आहे."

"नको, जावईबापू. सुम्ने कशाला उगीच."

"अर्ध्या तासाचं काम, मामा."

अर्धा तास कधीच उलटला होता. चक्र फिरत होतं. आणि आता देवेश मोबाइलमध्ये बघत हळूच म्हणाला, "मामा, हे भरतकामाचं मशीन… नव्या सिस्टमवर चालत नाही म्हणतात. नवीन मॉडेल घ्यावं लागतं."

"हे आधी बघायचं असतं का नंतर?" असं संताजीरावांच्या ओठांवर आलं. त्याच्यापुढं आणखी चार शब्द होते, ते तर पूजितासमोर बोलण्यासारखे नव्हते. पण पहिल्या दसऱ्याच्या जावयाला कोण बोलणार? त्यांनी सगळे गिळले आणि कॉम्प्युटरकडं बघून फक्त "हरामखोर" म्हणाले. देवेशनं मान खाली घातली.

मशीनवर गल्लीतल्या अमूल्याचा ब्लाउज लावलेला होता. उद्या संध्याकाळी तिचा साखरपुडा. पाठीवर तिला गंडभेरुंड हवं होतं, राजवाड्याचं दोन डोक्यांचं पाखरू. अंग झालं होतं, एक डोकं झालं होतं. दुसरं उद्या सकाळी करायचं होतं. एका डोक्याचं गंडभेरुंड म्हणजे सोन्याच्या जरीतला कावळा.

तेवढ्यात मालतीबाई कोहळा घेऊन आल्या. संताजीरावांची आई. कात्र्या, फुटपट्टी, मशीनं, स्कूटर, सगळ्यांना कुंकू लावून त्या शेवटी इथं पोचल्या होत्या.

"संता, हे बंद कर. राहुकाळ लागतोय."

"बंद करता येत नाही, अम्मा."

"का नाही? बटण नाही त्याला?"

"आज्जी," देवेश मध्ये पडला, "मधेच बंद केलं तर सगळं जाईल."

"काम करत्या हत्याराची पूजा होत नाही, बाळा. आज सगळ्या हत्यारांना सुट्टी. तुझा लॅपटॉप पण खोलीतनं पूजेला आण म्हटलं, तर आणला नाहीस."

"तो ऑफिसचा आहे, आज्जी. त्याला नको."

"ऑफिसची हत्यारं काय आकाशातनं पडतात?"

संताजीरावांनी पडद्याकडं पाहिलं. अजून चाळीस टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका. आपल्या घरात, आपल्या विजेवर, आपल्यालाच हुकूम. सकाळपासून गिळलेले सगळे शब्द त्यांच्या हातात उतरले. ते वाकले आणि भिंतीतला प्लग खसकन उपटला.

देवेशनं डोक्याला हात लावला. मालतीबाईंनी काळ्या पडद्याला कुंकू लावलं.

"लगेच चालू करून बघूया, मामा. कदाचित…"

"कुंकू लागलंय," मालतीबाई म्हणाल्या. "आता उद्या."

दुपारी अमूल्याचा फोन आला. "अंकल, दोन्ही डोकी झाली ना?"

"एक झालंय, पुट्टी. दुसरं पूजेला बसलंय."

जेवताना संताजीराव दात आवळूनच देवेशला होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, आग्रहानं वाढत राहिले, एकावर एक. त्याला नको म्हणायची हिंमत नव्हती.

विजयादशमीला सकाळी आंघोळ करून त्यांनी प्लग लावला. पडदा काळाच. मग अक्षरं आली: बदल मागे घेत आहोत. आणि थोड्या वेळानं तो जुना, ओळखीचा, मळका निळा पडदा समोर उभा राहिला. वायर जोडली. मशीन खडखडलं आणि सुई दुसऱ्या डोक्याच्या चोचीपासून सुरू झाली.

"अर्ध्यात तुटलं की कधीकधी आपोआप जुन्यावर येतं, मामा," देवेश म्हणाला.

"काल नाही सांगितलं."

"काल माझ्या लक्षात आलं नाही."

मालतीबाई कुंकवाचा करंडा घेऊन गेल्या. त्यांना स्पष्टीकरणाची गरज नव्हती. संताजीरावांनी मात्र इंटरनेटची वायर उपटून कात्रीनं तिचे दोन तुकडे केले.

दुपारी अमूल्या ब्लाउज घेऊन गेली. दोन्ही डोकी एकमेकांकडं पाठ फिरवून व्यवस्थित बसली होती, या घरातल्या सासऱ्या-जावयासारखी.

मग देवेश दारात येऊन उभा राहिला. उघडा लॅपटॉप हातात, घाम कपाळावर.

"मामा, परदेशातल्या साहेबाबरोबर मीटिंग आहे आत्ता. आणि ह्यानं आपलं आपणच सुरू केलं."

पडद्यावर चक्र गरगरत होतं. बारा टक्के. बंद करू नका.

संताजीरावांनी चष्मा लावला, लॅपटॉप मानानं दोन्ही हातांत घेतला, उलटा करून चारी बाजूंनी निरखला.

"जावईबापू, ह्याचा प्लग कुठं असतो?"

"प्लग काढून उपयोग नाही, मामा. बॅटरी आतच असते."

"अय्यो," संताजीराव म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. "मग बसा. अर्ध्या तासाचं काम. होळिगे आणू?"