खिडकीखालचा कोंब

मुक्ता रांगायला लागली त्या दिवसापासून तनुजाला अंगणात बांबूखेरीज काही दिसेना. आडोसा म्हणून सासूबाईंनी लावलेला हा बांबू जागच्या जागी राहणाऱ्यातला नव्हता. जमिनीखालून चालत जायचा आणि मनात येईल तिथे डोकं वर काढायचा. आज नळाशी, उद्या पायरीशी. कोंब म्हणजे नुसते भाले. तनुजाने चौदा कोंबांवर चौदा डबे पालथे घातले. दोन दिवसांत कोंबांनी डबे डोक्यावर उचलले.

"आई, हा बांबू मुळासकट काढून टाकू. पोरीच्या डोळ्यात गेला म्हणजे?"

गिरजाबाईंनी कानांवर हात ठेवले. "असं बोलू नको माय! तीन वर्सं तुही कूस उजवली नव्हती. तुळशीपाशी पयला कोंब निंगाला अन् त्याच महिन्यात तुले दिवस गेले. अंगनात कोंब म्हंजे घरात लेकरू!"

"आता चौदा आहेत, आई."

गिरजाबाईंनी सुनेला नखशिखांत न्याहाळलं. "देवाची मर्जी," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तनुजाच्या वरणावर तूप दुप्पट झालं.

हर्षल आईपुढे बांबूपेक्षा लवकर वाकायचा. "तू म्हनतं तेबी बरोबर, आई म्हनते तेबी बरोबर," म्हणून नवरोजी दुकानात पसार झाले. कोंबाची ही महती गिरजाबाईंनी रिसोडच्या भाजीबाजारापर्यंत पोचवली होती. गल्लीला तर ती पाठच होती.

एका सकाळी शेजारच्या सोजरबाई फाटक ढकलून आत आल्या.

"गिरजाबाई! तुमचा बांबू भिंतीखालून आमच्या न्हानीपाशी निंगाला!"

"मंग पेढे वाट."

"कायचे पेढे? घरात उज्ज्वला बिनलग्नाची हाय! पोलीस भरतीची तयारी करून राह्यली पोरगी. गल्ली काय म्हनंन? कोंब म्हंजे लेकरू, हे तुमीच सांगतलं ना सगळ्याइले?"

गिरजाबाई अडल्या, पण हरल्या नाहीत. "मंग तो तुह्यासाठी असन."

"मह्यासाठी? मोठ्या लेकीचं पोरगं सायकल चालवते मह्या!"

सोजरबाई तोंडाला पदर लावून पळाल्या. दहा मिनिटांत भिंतीपलीकडे त्यांच्या नवऱ्याची, शालिग्रामची, खणायची लोखंडी सब्बल दणदणू लागली. दुपारी मातीने माखलेला शालिग्राम सब्बल घेऊन दारात उभा.

"वहिनी, मूळ तुमच्या हद्दीतून येऊन राह्यलं. इकून खंदू द्या."

"मह्या अंगनात सब्बल लावली त पाहा!"

शालिग्राम वळला. तनुजाने त्याला पाणी दिलं आणि ती हळूच म्हणाली, "काका, सब्बल इथंच ठेवून जा. जड आहे."

चार दिवसांनी सासरे पंजाबराव मिशांवर ताव देत घरात आले.

"अवं, आपल्या खोलीच्या खिडकीखाली पाह्य जरा."

गिरजाबाई गेल्या. खिडकीच्या बरोब्बर मधोमध, वीतभर उंच, कोंब.

"कोनाले सांगू नका," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"नाही वं. टपरीवर सांगतलं फक्त."

"टपरीवर?"

"आठ-दहा जनंच होते."

अर्ध्या तासात गल्लीतल्या बायका फाटकाशी रेंगाळू लागल्या. एकीने तब्येत विचारली. दुसरीने, हंडा उचलू नका, म्हणून बजावलं. तिसरीला फक्त खिडकी पाहायची होती. आणि भिंतीवरून सोजरबाईंचा हात आला. हातात ताटली, ताटलीत चिंचा.

"घ्या, गिरजाबाई. आंबट खावंसं वाटत असन."

गिरजाबाईंनी ताटली घेतली, ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि सब्बल उचलली.

तीन दिवस अंगणात खणणं चाललं. हर्षलने दुकान बंद ठेवलं, शालिग्राम कुदळ घेऊन आला, उज्ज्वलाने भरतीचा सराव समजून घमेली वाहिली. मुळ्यांनी ट्रॉली भरली.

"खिडकीखालचा तेवढा राहू द्या ना," पंजाबराव म्हणाले.

"हातात काय हाय, दिसून राह्यलं ना?" गिरजाबाई म्हणाल्या.

पंजाबरावांना एकदम टपरीवरचं काम आठवलं.

तिसऱ्या संध्याकाळी तनुजा मुक्ताला कडेवर घेऊन सासूबाईंच्या पाठीला तेल लावत होती.

"कोंबानं का कुठं लेकरं होत असतात?" गिरजाबाई कण्हत म्हणाल्या. "तू एवढी बीएस्सी झालेली. मले आधीच काहून नाही सांगतलं?"

 तनुजाने मुक्ताला खाली सोडलं. पोरगी मोकळ्या अंगणात गुडघ्यांवर सुसाट निघाली, आणि तनुजा तेलाचे हात घेऊन जागची हलली नाही.