देवजीकाकांचा अर्ज

बायको शोधायच्या जाहिरातीला पोलीस पाटलाचा वर्तणुकीचा दाखला जोडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मोखाड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. भादव्यातल्या एका आठवडी बाजाराला पोशेऱ्याचे देवजीकाका जीपमधून उतरले ते थेट माझ्याकडे. वय पंचावन्न, काकू जाऊन चार वर्षं झालेली. ऑनलाइन जाहिरात टाकली की बाई मिळते, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. आता काकांच्या लेखी ऑनलाइन म्हणजे सरकारी योजना. रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तो वर्तणुकीचा दाखला, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि प्रत्येकीवर अंगठा, अशी जय्यत तयारी करून आले होते.

"कागद पुरं हायेत. मना पोच दे, ताई."

"काका, याची पोच नसते."

"पोच नाय, मंग अर्ज गेला कसा समजंल?"

शेवटी कोऱ्या कागदावर दुकानाचा शिक्का मारून दिला, तेव्हा कुठे गप्प बसले.

अपेक्षांच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "दिवाळीपासून पावसापरेन बोलणारी पायजे." मला हसू फुटलं. मग त्यांनी सांगितलं. दिवाळी झाली की अख्खा पाडा वीटभट्टीवर जातो. पाय मोडल्यापासून काकांना कुणी नेत नाही. सगळ्यांच्या कोंबड्या मात्र त्यांच्या हवाली. "त्यांच्याशी बोलून बोलून मीच कोंबडी झालू," म्हणाले. मी तसंच लिहिलं, कोंबड्या वगळून.

मग दर बाजाराला येऊन "मंजूर झाली का?" दुकानात रांग असो, कुणाला तहसीलमध्ये जायची घाई असो, काकांचं आधी. मी वैतागायचे. उत्तर एकही येत नव्हतं. पाचव्या बाजाराला त्यांचा चेहरा बघवेना, आणि मी ठोकून दिलं, "आलंय. जव्हारकडची बाई आहे. विचारते, जेवलात का?"

काका खुर्चीत सावरून बसले. "लिही. नागलीची भाकर नि उडदाची डाळ खाल्ली."

तेव्हापासून ती बाई दर बाजाराला काही ना काही विचारते. काका दाढी करून येऊ लागले, नवा सदरा घेतला. आणि त्या जाहिरातीला खरं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

गेल्या बाजाराला सकाळपासून लाईट नव्हती. सगळं दुकान बंद पडलेलं. काका आले, बसले, आणि मी सवयीने काळ्या पडद्याकडे बघून म्हणाले, "विचारते, थंडीत पाय दुखतो का?"

बोलले आणि जीभ चावली. काका पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"तिला लिही," ते हळूच म्हणाले, "पाय दुखतो. माणसा भट्टीव गेली, पाडा रिकामा झाला. आठ दिसांत माणसाचा शब्द मी फक्त अठंच, तुझ्या दुकानात, ऐकतो. तिला कटाळा आला तं पंधरा दिसांनी लिही म्हणा. पण बंद नको करू म्हणा."

मला इतकी लाज वाटली, की मान वर होईना. काका खुर्चीवरून उठेपर्यंत मी बंद कॉम्प्युटरवर बोटं आपटत राहिले.