रमीचे प्रवक्ते मन्मथप्पा

मन्मथप्पा रमीत जिंकले की दुसऱ्या दिवशी सकाळी हरलेल्या माणसाच्या घरी जात आणि दारातूनच विचारत, "झोप लागली का?"

आमच्या क्लबात पैसे लावत नसत. हरेल त्याने पुढच्या डावाला पत्ते पिसायचे, एवढीच शिक्षा. तरी आप्पांना वाटायचं, माणूस हरला म्हणजे त्याच्या जिवाला लागलं असणार. त्यांच्या या चौकशीमुळे काल माजलगावात कोण रमी हरलं, हे ज्याच्या-त्याच्या बायकोला सकाळच्या चहाआधीच कळे. माझी बायको तर अंगणात त्यांचा खोकला ऐकला की आतूनच सांगायची, "लागली हो आप्पा, घोरत होते."

क्लब म्हणजे माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटची मागची खोली. दुपारी टायपिंगला कुणी फिरकत नसे, तेव्हा आम्ही पाचजण तिथं बसायचो. कागदोपत्री नाव 'सांस्कृतिक व क्रीडा मंडळ' होतं आणि क्रीडेचा पुरावा म्हणून एक कॅरमबोर्ड होता. त्यावरच आम्ही पत्ते टाकायचो. आप्पा सगळ्यांच्या आधी हजर. मी कुलूप उघडायला जावं, तर ते पायरीवर बसलेले. "मास्तर, लई उशीर केला," म्हणायचे. मी अगदी वेळेवर असायचो.

त्यांचं भांड्यांचं दुकान धान्याच्या मोंढ्याजवळ होतं, पण ते आता मुलगा शिवा सांभाळायचा. आप्पांना काम असं नव्हतं. रमी मात्र विलक्षण खेळायचे. कुणी कुठलं पान टाकलं हे त्यांच्या पक्कं ध्यानात राही. पाचात तीन डाव त्यांचेच. आणि डाव लागला की हात जोडून एकच वाक्य, "महादेवाची मर्जी!" हरले तरी तेच, फक्त जरा हळू आवाजात.

याच वाक्यानं आमचा घात व्हायची वेळ आली.

गावात नवे पोलीस इन्स्पेक्टर आले आणि आल्या आल्या माझ्या नावानं नोटीस आली. क्लबात जुगार चालतो अशी तक्रार आहे, आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर कुलूप. मी हबकलो. आप्पांनी तर नोटीस दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "म्हंजी उद्यापासून बंद?" उद्या नाही म्हटल्यावर त्यांनी पत्ते उचलले, पण त्या दिवशी ते पाचही डाव हरले.

तेव्हा गावात केबल नुकतीच आली होती. केबलवाल्यानं रविवारी सिनेमा संपला की स्वतःच्या बातम्या दाखवायला सुरुवात केली होती. आपण किंवा आपला शेजारी दिसतो का हे बघायला सगळं गाव टीव्हीपुढं बसायचं, इन्स्पेक्टरसुद्धा. केबलवाला म्हणाला, "तुमची बाजू मांडायला एक माणूस द्या." आमच्यातले वकीलसाहेब खूश झाले. म्हणाले, "हेच पाहिजे होतं. एक चांगलं तोंड शोधा."

आता पाचजणांत चांगलं तोंड कुणाचं? दादासाहेब जिल्हा परिषदेला दोनदा पडलेले होते, त्यामुळे भाषणाची सवय दांडगी. तालमीला उभे केले तर चौथ्या वाक्याला रमी सोडून कालव्याच्या पाण्यावर गेले आणि परत आलेच नाहीत. खतवाले बाबूराव कॅमेरा दिसताच पासपोर्टचा फोटो काढल्यासारखे ताठ झाले. वकीलसाहेबांना प्रश्न विचारला की ते उलट प्रश्न विचारत. माझीच खोली, त्यामुळे माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? शेवटी माझी बायको म्हणाली, "आप्पांना बसवा की. गावातल्या समद्या बायकांना ते घरचे वाटतात." यावर वाद घालायला जागाच नव्हती.

तालीम सुरू झाली. वकीलसाहेबांनी कायदा समजावला. डाव बुद्धीनं जिंकत असतील तर तो खेळ, नशिबानं जिंकत असतील तर जुगार. सगळा मुद्दा एवढाच. मग विचारलं, "आप्पा, तुम्ही रमी कशाच्या जोरावर जिंकता?"

"महादेवाच्या मर्जीनं."

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. "बुद्धीच्या जोरावर म्हणा!"

"माझी कसली आली बुद्धी, वकीलसाहेब? मॅट्रिकला दोनदा बसलतो."

"पण पानं ध्यानात कोण ठेवतं?"

"मीच ठेवतो. पण ध्यान कुणी दिलं?"

"कुणी का दिलेलं असेना, टीव्हीवर सांगू नका!"

चार दिवस हेच चाललं. आप्पा रस्त्यानं जाताना ओठातल्या ओठात "बुद्धी, बुद्धी" पुटपुटत. देवळात त्यांनी महादेवाची आगाऊ माफीही मागून ठेवली, असं पुजाऱ्याकडून कळलं.

शूटिंगच्या दिवशी ते कडक इस्त्रीचं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून कॅरमबोर्डापाशी बसले. आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे. केबलवाल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "आप्पा, रमी हा नशिबाचा खेळ आहे ना?"

"साफ खोटं," आप्पा कडाडले. "बुद्धीचा खेळ हाय. महादेवाचा ह्याच्याशी काय बी संबंध न्हाई!"

बाबूरावांनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. पास झालो, असंच आम्हाला वाटलं. पण केबलवाला उठेना. त्यानं सहज विचारलं, "पैसे लावत नाही, मग मिळतं काय? रोज कशाला येता?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. आप्पांनी वकीलसाहेबांकडं पाहिलं. वकीलसाहेबांनी छताकडं पाहिलं.

"त्याचं असं हाय," आप्पा सावकाश म्हणाले. "मालकीण गेली त्याला सा वर्सं झाली. दुकानात गेलो की पोरगं म्हंतंय, आप्पा, तुमी बसा. घरी सून म्हंती, तुमी बसा. वाईट न्हाईत हो, लई चांगली हायेत. पण दिसभर नुस्तं बसून माणूस काय करल? हितं माझी पाळी आली की चार माणसं थांबत्यात. मी पान टाकल्याबिगर कुणाचं हालत न्हाई." मग ते थोडं हसले. "तेवढ्यासाठीच येतो, बाबा."

केबलवाल्यानं कॅमेरा बंद केला. पाच वर्षं मी या माणसाबरोबर रोज खेळत होतो, आणि मला वाटायचं त्यांना रमीचा नाद आहे. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी ते सगळं जसंच्या तसं दाखवलं. मंगळवारी इन्स्पेक्टरांनी मला बोलावलं आणि नोटीस परत घेतली. "खेळा," म्हणाले, "फक्त दार उघडं ठेवा." आम्ही अर्धा किलो पेढे आणले, दार सताड उघडं ठेवलं आणि बसलो.

आप्पा आले नाहीत. बुधवारी नाहीत, गुरुवारीही नाहीत. तब्येत बिघडली की काय म्हणून मी पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानावर गेलो.

आप्पा गल्ल्याशेजारी गादीवर बसले होते. समोर लग्नाच्या खरेदीला आलेली माणसं, आणि शिवा हातात स्टीलचं मोठं पातेलं धरून उभा. "आप्पा," तो म्हणाला, "ह्यात किती लिटर मावंल? तुमीच सांगा."

आप्पांनी चष्मा पुसला. पातेल्याला टिचकी मारली, कान लावला, पुन्हा टिचकी मारली. गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं. शिवानं गिऱ्हाइकाला नजरेनंच दम धरायला सांगितलं आणि तसाच उभा राहिला. हल्ली कंपनीच पातेल्यावर किती लिटर ते छापलेली चिठ्ठी चिकटवून पाठवते. मी दारातून पाहिलं, त्या चिठ्ठीवर शिवानं अंगठा दाबून धरला होता.

मी पेढे तसेच घेऊन मागं फिरलो.