ताटातला जोड

आमच्या शिरोळकडं वेल्डिंग मशीन दुकानातनं उचलून आणता येत नाही. मशीनच घर बघायला येतं आणि पसंत पडलं तरच नांदायला राहतं. तीन मशीननी नाही म्हटलं की त्या घराचं नाव यादीतनं कायमचं कमी होतं. नियमच आहे, त्याला कोण काय करणार!

आमच्याकडं दोन येऊन गेली होती.

पहिलं जुन्या घडणीचं, चाकांवरचं धूड. चौघांनी टेम्पोतनं उतरवलं. समोर पोह्यांची बशी ठेवली. ठेवायची रीत आहे, खातात मध्यस्थच. मशीननं लाइटच्या मीटरकडं एकदा बघितलं आणि म्हणालं, "एवढ्याशा लाइनीवर माझं पोट भरायचं नाही. मला सुरू केलंत की अख्ख्या गल्लीचे दिवे मंद होतील." दुसरं गॅसच्या टाकीसकट आलं, मोठ्या घरचं. आमची शेड तीन बाजूंनी उघडी. ते म्हणालं, "इथं वाऱ्यानं माझा गॅस उडून जाईल, जोडात भोकं पडतील." चहासुद्धा न ठेवू देता गेलं. भारीच तोरा!

मशीन हवं होतं आमच्या ह्यांना. रंगराव चौगले, एकतीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या मशीनवर काम केलेला माणूस. रिटायर झाल्यावर परसात शेड घातली, लोखंडी बाक मांडला, आणि नेमका उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून त्या बाकावर नुसते बसून असायचे. बोलणं दिवसाला दोन शब्दांवर आलेलं. मला ते बघवत नव्हतं. तिसऱ्यानंही नाही म्हटलं तर हा माणूस तिथनं पुन्हा उठायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बघण्याच्या दिवशी ताटात हळदकुंकू वाहून घरच्या हातचा एक जोड, म्हणजे वेल्डिंगनं सांधलेल्या दोन पट्ट्या, ठेवायचा असतो. इथं मी शहाणपणा केला. पुतण्या कागलला कारखान्यात आहे, त्याच्याकडनं एक सुरेख जोड मागून आणला आणि ठेवला ताटात. मुलगी दाखवताना शेजारणीचं विणकाम तिचं म्हणून दाखवत नाहीत का? माझ्या वेळी दाखवलंच होतं की!

तिसरं मशीन इन्व्हर्टरचं. पिवळं, बाजाराच्या पिशवीएवढं. मध्यस्थ उपाध्ये ते खांद्याला अडकवूनच आले.

"लाइन घरगुतीच ना?" मशीननं विचारलं.

"घरगुतीच," मी म्हटलं.

"चालेल. वारा दिसतोय."

"हाय थोडा."

"असू दे. माझा रॉड लेपाचं पांघरूण अंगावर घेऊनच येतो, ते वाऱ्यानं उडत नाही. धूळ तेवढी पुसत जा." मग ते ताटाकडं वळलं. "छान आहे. कुणाच्या हातचा?"

"ह्यांच्याच की!"

"न्हाई," हे म्हणाले. त्या दिवसातला तो पहिला शब्द. "माझा त्यो. बाकाच्या पायाला हाय बघा."

बाकाचा तो जोड ह्यांनी दिवाळीत एका दिवसापुरत्या मागून आणलेल्या मशीनवर केला होता. सुरवंट चालत गेल्यासारखा दिसायचा. उपाध्येंनी मशीन जवळ नेलं.

"वाकडा आहे," मशीन म्हणालं.

"हात थरथरतो."

"ताटातला जोड परका निघाला, तर समोर करून दाखवावा लागतो."

"कलम सात," तोंडातला घास न गिळताच उपाध्ये म्हणाले.

ह्यांनी हातमोजे चढवले, तोंडावर मास्क ओढला. बाकावर दोन पट्ट्या जुळवून वायर जोडली. रॉड टेकवला, चिकटला. ओढून काढला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. मास्कच्या आतनं हे माझं नाव घेऊन म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आक्काताई."

उपाध्येंनी नकार लिहायला पेनाचं टोपण काढलं.

"अहो, थांबा की वो!" मी ओरडले आणि ह्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला मास्क नव्हता, म्हणून मान फिरवून डोळे गच्च मिटले. "कुठं जायचं ते तुम्ही बघा. मी धरते."

भजी तळल्यासारखा आवाज सुरू झाला. सरळ, न थांबता. पदराला ठिणगीनं भोक पडलं, तरी मी सोडलं नाही. त्या मनगटातली थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती आणि तिथंच राहत होती.

ह्यांनी जोडावरची जळकी खपली हातोडीनं झाडली. मशीननं बराच वेळ बघितलं.

"हाही थोडा वाकडा आहे," ते म्हणालं, "पण घरचा आहे. पसंत."

मला रडूच आलं. पोह्यातला कांदा लागला असं मी म्हणाले, पण कुणी ऐकलं नाही.

उपाध्येंनी फॉर्म पुढं ओढला. "चालवणाऱ्याचं नाव. जागा एकाचीच आहे, बरं का."

"बारीक अक्षरात लिहा," मशीन म्हणालं.

त्यांनी बारीक अक्षरात आम्हा दोघांची नावं लिहिली.

गुरुवारी मशीन नांदायला आलं. मी उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मशीनला माप ओलांडायला पाय नव्हते, म्हणून ह्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. उजवा हात थरथरत होता, मशीनच्या आत कुठलातरी स्क्रू खुळखुळत होता. मी पुढं झाले, तर हे मानेनंच नको म्हणाले.

"सावकाश," मशीन म्हणालं. "मला घाई नाही."