पोर्टेबल हार्ड डिस्कची निवड, निगा व वापर (वापर लागू नाही)

जगात ज्या वस्तू टिकल्या, त्या न वापरल्यामुळे टिकल्या. हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घरी लग्नात आलेला काचेचा डिनर सेट आहे. चोवीस वर्षं झाली, एका बशीला टवका नाही. त्याच लग्नात आलेली स्टीलची ताटं मात्र रोज वापरून पार चेपली, आणि त्यातलं एक कुत्र्याच्या वाट्याला गेलं. वापर हा वस्तूचा शत्रू आहे. हे एकदा पटलं की माणूस स्टोअर सांभाळायला लायक होतो.

मी दादासाहेब. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळतो. (कारखान्याचं नाव देता येत नाही. त्यासाठी परवानगीचा फॉर्म लागतो आणि तो फॉर्म सध्या स्टोअरमध्ये शिल्लक नाही.) आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. भाग मशीनवर घट्ट धरून ठेवायला जी लोखंडी पकड लागते तिला फिक्श्चर म्हणतात, आणि प्रत्येक फिक्श्चरचं एक ड्रॉइंग असतं. अशी सहाशे बारा ड्रॉइंग्ज. ती सगळी एका माणसाने काढली आणि एका कॉम्प्युटरमध्ये ठेवली. माणसाचं नाव ज्योतीराम. कॉम्प्युटरला नाव नव्हतं, पण तो टक् टक् वाजायला लागल्यापासून लोक त्याला म्हातारा म्हणत.

ज्योतीराम धाराशिवकडचा. थेरगावला डांगे चौकाच्या मागे भाड्याने राहतो. अकरा वर्षं ड्रॉइंग काढतोय आणि अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवरच आहे. आमचे मालक यशवंतराव शेठ यांनी त्याला सगळ्यांसमोर शब्द दिला होता : चाकणच्या मोठ्या कंपनीचं ऑडिट येतंय, त्यांना सगळी ड्रॉइंग्ज पूर्ण पाहिजेत आणि त्यांची दुसरी प्रत वेगळी ठेवलेली पाहिजे, एवढं पार पडलं की तुला कायम केला. आता कायम होणं म्हणजे काय, हे ज्याच्या गळ्यात दरवर्षी नवीन गेटपास पडतो त्यालाच विचारावं.

म्हणून फेब्रुवारीत ज्योतीरामने अर्ज दिला : "एक पोर्टेबल हार्ड डिस्क मिळावी. कॉम्प्युटर कधीही जाईल." मी अर्ज परत केला. अर्जात 'कधीही' हा शब्द होता. कधीही म्हणजे कधी? तारीख घाल. त्याने अंदाजे तारीख घातली, आणि प्रक्रिया सुरू झाली.

निवड समितीत तिघं होतो : शेठ, क्वालिटीच्या वर्षाली मॅडम आणि मी. आम्ही बाजाराचा अभ्यास केला. हार्ड डिस्क दोन जातीच्या असतात. एकीत आत चकती फिरते. दुसरीत काहीच फिरत नाही, ती महाग.

"ज्याच्यात काही फिरत न्हाई, त्याचे पैसे जास्त?" शेठ म्हणाले. "दादासाहेब, आपण काय चणे-फुटाणे विकतो का?"

चाळीस वर्षं लेथ मशीन चालवलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. फिरणारी जात एकमताने मंजूर झाली. मग अंगाचा प्रश्न आला. प्लास्टिकची की धातूची? इथे माझा अनुभव कामी आला. आमच्या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक हत्यारावर नंबर पंच मारायचा नियम आहे. पंच म्हणजे पोलादी ठसा. वस्तूवर धरायचा आणि वरून हातोडी हाणायची. प्लास्टिकवर पंच मारला तर ते तडकतं. धातूवर कसा सुरेख उमटतो! म्हणून धातूची ठरली. राहता राहिला पोर्टेबल हा शब्द. पोर्टेबल म्हणजे कुठेही नेता येणारी. स्टोअरच्या भाषेत याला दोष म्हणतात. तो दूर करण्यासाठी दीड फूट साखळी वेगळी मागवली.

तीन दुकानांची कोटेशनं, तुलनेचा तक्ता, अकरा सह्या (पैकी सहा माझ्या), एवढं होऊन डिस्क ऑगस्टमध्ये आली. म्हणजे सहा महिन्यांत. लोक उगीच म्हणतात की आपल्याकडे कामं होत नाहीत.

आलेला माल तपासल्याशिवाय आत घेता येत नाही. वर्षाली मॅडमनी व्हर्नियर लावून लांबी, रुंदी, जाडी घेतली. पण ही मापं बरोबर की चूक, हे ठरवायला ड्रॉइंग पाहिजे, आणि दुकानदाराने ड्रॉइंग दिलं नव्हतं. फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरला लावून बघा ना, चालते का." अशी उर्मट माणसं धंद्यात कशी टिकतात कोण जाणे. शेवटी हार्ड डिस्कचं ड्रॉइंग ज्योतीरामलाच काढायला सांगितलं. त्याने टक् टक् करणाऱ्या म्हाताऱ्यावर बसून दोन दिवस ते काढलं. तीन बाजूंनी, छेदासह. डिस्क त्या ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत निघाली. (सेव्ह कुठे केलं, असं मी विचारलं. "इथंच," तो म्हणाला आणि म्हाताऱ्याकडे बघत राहिला.)

मग मी स्वतः पंच मारला. एम, एच, शून्य, एक. चार अक्षरं, चार घाव. शून्य नीट उमटलं नाही म्हणून पाचवा. आतून बारीक खुळखुळ ऐकू आली. सुटा माल पक्का बसला असेल, असं समजून मी समाधान मानलं. वरून गंज न चढण्याचं तेल पुसलं, मेणकागदात गुंडाळली, साखळी घातली आणि डिस्क मास्टरच्या कपाटात ठेवली.

आता मास्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. आमच्या धंद्यात मोजमाप घ्यायची प्रत्येक वस्तू जोडीने असते. एक रोज वापरायची, ती वर्किंग. दुसरी मास्टर, तिला हात लावायचा नाही, वर्षातून एकदा वर्किंग तिच्याशी ताडून बघायची. मास्टर कधी मशीनवर जात नाही. गेली तर ती मास्टर राहत नाही. हार्ड डिस्क एकच आली होती. एकच वस्तू असेल तर ती मास्टर, हा नियम. त्यामुळे ज्योतीराम चिठ्ठी घेऊन आला तेव्हा मी ती सौम्यपणे परत केली आणि वर्किंग हार्ड डिस्कसाठी वेगळा अर्ज करायला सांगितलं.

"दादा, अहो मग हिच्यात काय ठेवायचं?"

"हिच्यात काय न्हाई ठेवायचं. हिला ठेवायचं."

सप्टेंबरअखेरचा माझा अहवाल पुढीलप्रमाणे होता :
वापरामुळे बिघाड : शून्य.
हाताळणीत नुकसान : शून्य.
अनधिकृत व्यक्तीने पाहण्याचे प्रयत्न : एकवीस (सर्व ज्योतीराम).
डिस्कची एकूण क्षमता : भरपूर. शिल्लक क्षमता : भरपूर.

शेठनी अहवालावर "छान" असा शेरा मारला. सव्वीस वर्षांतला माझा पहिला छान. खोटं कशाला बोलू, तो कागद मी घरी नेऊन बायकोला दाखवला.

खंडेनवमीला मात्र मास्टरचं कपाट उघडावंच लागतं. त्या दिवशी कारखान्यातलं एकूण एक हत्यार धुऊनपुसून मांडतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात. डिस्कलाही लावलं. तिच्या केबल लावायच्या खाचेत थोडं कुंकू गेलं, पण शुभच आहे. नारळ फुटला, पेढे वाटले. सगळे पांगल्यावर ज्योतीराम माझ्याजवळ आला. नवा शर्ट घातला होता आणि पँटच्या खिशातून केबल डोकावत होती.

"दादा, आज कपाटाच्या बाहेर हाय ती. दोन तास द्या फक्त. म्हातारा लै वाजायलाय हो. गेला तर माझी अकरा वर्षं जातील. तनुजा आता सातवीत गेली, परवा म्हणाली, पप्पा, तुमची कंपनी तुम्हाला अजून ओळखत नाही का? काय सांगू तिला?"

मीही बापच आहे. माझी गावची जमीन संपादनात गेली तेव्हा याच पोरानं मोजणीचे नकाशे मला समजावून दिले होते, एक पैसा न घेता. क्षणभर हात साखळीकडे गेलासुद्धा. पण नियम डोळ्यांसमोर उभा राहिला.

"ज्योतीराम," मी म्हणालो, "आज खंडेनवमी. आज हत्यार चालवत नसतात, लेका. उद्या ये."

"उद्या कपाट उघडं असेल?"

"उद्या कसं असेल? उद्या कपाट बंद."

त्याने केबल खिशात आत ढकलली, डिस्कला नमस्कार केला आणि गेला.

डिसेंबरात एका गुरुवारी साप्ताहिक सुट्टी झाली आणि शुक्रवारी सकाळी म्हातारा उठला नाही. टक् टक् सुद्धा नाही. ज्योतीरामने वायरी काढल्या, घातल्या, फुंकर मारली, चापट मारली. मग खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून कोऱ्या पडद्याकडे बघत राहिला. त्याला चहा दिला तो तसाच गार झाला. ऑडिट सोमवारवर आलं होतं.

शेठ धावत आले. "दादासाहेब, बॅकअप हाय ना आपल्याकडं?"

"हाय म्हंजे? मास्टर हाय!" मी म्हणालो. असा अभिमानाचा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदा येतो. दोन्ही किल्ल्या लावून कपाट उघडलं, साखळी सोडली, तेल पुसलं. वर्षाली मॅडमनी आपल्या लॅपटॉपला डिस्क लावली. तिच्यातून पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज आला आणि लॅपटॉपने तिला ओळखच दिली नाही.

"सर, हिच्यावर हातोडी मारलीय कुणीतरी," मॅडम म्हणाल्या. "आणि मारली नसती तरी काय होतं? हिच्यात कुणी काही भरलंच नव्हतं."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. "म्हंजे ते आपोआप जात न्हाई आत? एका छताखाली ठिवून?"

इथे कच्चा माणूस गडबडला असता. मी शांतपणे मुद्दा मांडला : डिस्क उघडत नाही, हे मान्य. पण उघडत नाही म्हणजे आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. मग ती रिकामी होती असं म्हणायला पुरावा काय? शेठनी थोडा विचार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. डिस्क पुन्हा तेल लावून कपाटात गेली.

सोमवारी ऑडिटर साहेब आले. मोठा शिस्तीचा माणूस. ड्रॉइंग्ज कुठे, बॅकअप कुठे, त्यांनी विचारलं. सगळं मास्टरमध्ये, असं सांगून मी कपाट उघडलं. त्यांनी नंबर पाहिला, साखळी ओढून पाहिली, तपासणीचा अहवाल वाचला, खुद्द हार्ड डिस्कची लांबी-रुंदी नोंदलेली पाहून थक्क झाले. आजवर कुठल्याही पुरवठादाराकडे इतकी जपलेली हार्ड डिस्क पाहिली नाही, असं त्यांनी लिहून दिलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले. कॉम्प्युटरला लावून दाखवा, असं ते म्हणाले नाहीत. मास्टर म्हटल्यावर जाणकार माणूस तसं म्हणत नाही.

ज्योतीराम ऑडिटनंतर शेठच्या केबिनमध्ये गेला. शब्दाला जागा म्हणाला. शेठ म्हणाले, अरे, मी कुठं फिरलो? पण अट काय होती? सगळी ड्रॉइंग्ज पूर्ण. तुझं आजच्या तारखेला एकही ड्रॉइंग नाही. तू तर अगदी नवा माणूस झालास. काढ परत सगळी, मग बघू. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला. झटकणारच की. माझ्यासमोर तो एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही वाईट माणूस असता तर बरं झालं असतं."

तेव्हापासून तो सहाशे बारा ड्रॉइंग्ज नव्याने काढतोय. जुनी फिक्श्चर झिजलेली आहेत, त्यांच्यावरून मापं घेतो आणि बाकी आठवणीने भरतो. परवा एका भोकाच्या मापाशी अडला. अठरा पॉइंट दोन होतं की अठरा पॉइंट चार, काही केल्या आठवेना. दिवसभर डोकं धरून बसला. काम खोळंबलं होतं, चाकणहून फोनावर फोन येत होते. शेवटी मीच मार्ग काढला. म्हटलं, मधलं धर, अठरा पॉइंट तीन. तसा माल गेलाही, एक तक्रार नाही.

हसलात ना? हसा, माझी हरकत नाही. फक्त आमचा तो भाग गाडीत कुठे बसतो ते विचारायचं तुम्ही विसरलात, म्हणून सांगतो. ब्रेकमध्ये बसतो. या महिन्यात नवी गाडी घेतली असेल किंवा जुनीचं ब्रेकचं काम करून घेतलं असेल, तर उतारावर जरा बेताने. बाकी घाबरण्यासारखं काही नाही, सर्टिफिकेट आहे आमच्याकडे.