घाबरण्याचे कारण नाही

विरूपाक्षप्पांनी फलकावर एक वाक्य जास्तीचं लिहिलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं आली, कार्यालयांना नवे साहेब आले, आणि साहेबांना नव्या कल्पना. त्यातल्या एका साहेबांच्या मनात आलं की शहराला लागून हरणांसाठी राखलेलं माळरान आहे, तर त्याच्या कडेनं शहरातल्या लोकांना फिरायला एक सोपी पायवाट करावी. तीन किलोमीटरची, गोल. निघायचं तिथंच परत यायचं. दोन्ही अंगांना चुना फासलेले दगड मांडले गेले. मध्यावर हरणांसाठी सिमेंटचा पाणवठा बांधला. त्यात पाणी तेवढं नव्हतं, कारण दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं आणि माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागत होती.

फाटकापाशी लावायच्या फलकाचा मजकूर कारकून म्हणून विरूपाक्षप्पांकडे आला. "म्हाताऱ्या माणसांनासुद्धा धीर वाटेल असं लिहा," साहेब म्हणाले. विरूपाक्षप्पांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'ही वाट सोपी आहे. घाबरण्याचे कारण नाही.'

लोकांनी फलक वाचला आणि ते घाबरले.

"सरकार उगंच लिहील का?" पानवाले गुंडप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागले. "बसस्टँडवर लिवलंय का कुठं, घाबरू नका म्हणून? दवाखान्यात लिवलंय? मंग तिथंच का लिवलं? काय तरी हाय तिथं."

फाटकाजवळ एक नोंदवही ठेवली होती. नाव, वेळ आणि शेवटी शेरा, असे तीन रकाने. पहिल्या आठवड्यात तिच्यात एकच नाव रोज पडत होतं, ते राखणदार जिलानीचं. साहेबांनी विरूपाक्षप्पांना बोलावून शांतपणे सांगितलं, की मेअखेर रोज पंचवीस नावं दिसली नाहीत तर वाट बंद, जिलानी घरी आणि तुम्ही धर्माबादला.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांची बायको गौरम्मा अंगणात बेलाच्या रोपाला तांदूळ धुतलेलं पाणी घालत होती. तिनं मान वर केली नाही. संसारात अकरा बदल्या झाल्या होत्या. प्रत्येक गावी तिनं बेल लावला, आणि पानं तोडण्याजोगा होईतो सामान बांधायची वेळ आली. अकरा बेल दुसऱ्यांच्या देवांना पानं देत होते. हा बारावा कमरेइतका झाला होता.

"अवंदा तरी माझ्या हातानं तोडू द्या म्हणावं तुमच्या सायबाला," एवढंच ती म्हणाली.

"सायबाला काय सांगू? बेलाचा रकाना न्हाई त्या वहीत."

मग तिनं साहेबांऐवजी महादेवाला सांगितलं. तिच्या माहेरी, उदगीरकडे, मुक्या पाण्याचं व्रत करीत. उजाडायच्या आधी अंघोळ करायची, मडीचं, म्हणजे पूजेपुरतं वेगळं धुतलेलं पांढरं पातळ नेसायचं, आणि आपल्या वाटणीच्या पाण्यातला एक तांब्या मुक्या जनावराला नेऊन घालायचा. उंबरा ओलांडल्यापासून परत उंबऱ्यात पाऊल ठेवीपर्यंत बोलायचं नाही, मागं वळून पाहायचं नाही. असे एकेचाळीस दिवस. आणि व्रत पुरं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की फळ गेलं.

तांब्या ती माळावरच्या हरणांच्या पाणवठ्यात नेऊन ओती. वाट गोल होती म्हणून बरं होतं. मागं वळायची गरजच पडत नव्हती. नवरा घोरत असताना ती निघे आणि तो उठायच्या आत लिंगपूजा आटोपून चुलीपुढं बसलेली असे. माळावर पहिल्या दिवसापासून तिला एक गोष्ट दिसली. ती पोचायच्या आधीच बसलेला कळप उठे आणि दोन बाजूंना होऊन वाट मोकळी करून देई. पळत कुणी नसे. तिनं मनातल्या मनात हात जोडले आणि ही महादेवाचीच कृपा म्हणाली.

नवव्या दिवशी विरूपाक्षप्पा जेवायला आले ते नोंदवही घेऊनच.

"ऐक," ते म्हणाले. "एक मास्तर आला होता पहाटं. काय शेरा लिहिलाय बघ. 'पांढऱ्या वस्त्रातील बाई दिसली. तीन हाका मारल्या. उत्तर नाही. घाबरण्याचे कारण आहे.'"

गौरम्माच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती चुलीत पडली. त्या हाका तिनं ऐकल्या होत्या.

"असंल कुणी तरी बाई," ती म्हणाली.

"कुणी म्हणजे? बाई असली तर बोलती. तू बघितलीस का न बोलणारी बाई?"

यावर तिनं काही न बोलणंच बरं समजलं.

चार दिवसांनी शेरा आला : 'दोन बाया.' गौरम्मानं तो दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या पहाटे तिनं कान देऊन ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं असं तिला वाटलं. मागं पावलं वाजत होती. सुक्या कुसळी गवतावर, हलकी, अनवाणी. ती थांबली की पावलं थांबत. ती चालू लागली की तीही चालत. टिटवीसुद्धा ओरडत नव्हती. वळून पाहावं तर व्रत मोडे, ओरडावं तरी मोडे. तांब्यातलं पाणी प्रत्येक पावलाला मनगटावर सांडत होतं, आणि सांडेल तेवढं हरणाच्या वाटणीतलं जातंय म्हणून तिला अधिकच वाईट वाटत होतं. ती मनात पंचाक्षरी मंत्र म्हणत चालत राहिली. त्या दिवसापासून रोज.

त्या आठवड्याच्या अखेरीला शेरा पडला : 'तीन.'

आता मात्र गाव हललं. ज्या गावाला सोप्या वाटेवर फिरायचं नव्हतं, त्याला तीन बाया बघायच्या होत्या. माणसं पहाटे पावणेपाचला फाटकाशी येऊ लागली, पाचपाचच्या घोळक्यानं, एकमेकांच्या सदऱ्याला धरून. दूर चुन्याच्या दगडांआड दबून बघत आणि बघून झालं की धावत येऊन सही करीत. गुंडप्पा स्वतः आले आणि शेऱ्यात 'मी म्हणालोच होतो' असं लिहून गेले. नावं पंचवीसची चाळीस झाली. साहेब फक्त नावं मोजत. शेऱ्याचा रकाना वाचायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"वाट लई आवडली लोकांना," ते म्हणाले. "पळत जाऊन परत येतात म्हणे."

"हाव साहेब," विरूपाक्षप्पा म्हणाले. "परत येताना जास्तच पळतात."

एकेचाळिसाव्या पहाटे गौरम्मानं शेवटचा तांब्या ओतला. पावलं आज फाटकाशी थांबली नाहीत. गल्लीत आली, अंगणात आली. बेलापाशी थांबली. गौरम्मानं उजवा पाय उंबऱ्यात ठेवला, मग डावा ठेवला, डोळे मिटून महादेवाचं नाव घेतलं आणि आयुष्यात कधी वळली नव्हती इतक्या हळू मागं वळली.

अंगणात पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, हातात रिकामा लोटा धरलेली एक बाई उभी होती. ती गौरम्मापेक्षा जास्त घाबरलेली दिसत होती.

"सुलतानबी?"

"या अल्ला," जिलानीची बायको मटकन खाली बसली. "भाभी, तुमी हाय का? मी समजले कोणी पीरबी हाय. आज माझ्या मन्नतीचा आखरी दिवस, दुवा मागावी म्हणून मागं आले."

"रोज माझ्या मागं तूच?"

"मन्नत मानली होती. यांची नोकरी राहू दे, मुक्या जनावराला पानी घालीन म्हणलं. एकटीला भ्या वाटतंय त्या माळावर. तुमी दिसल्या, तर बरं वाटलं."

"मग एक हाक मारायची होतीस गं बाई. माझा जीव निम्मा झाला."

"तुमी बोलत न्हाई, मंग मी कशाला बोलू? मला वाटलं, बोलायचं नसतंय."

दोघी हसू लागल्या. सुलतानबी ओढणीत तोंड घालून हसत होती, गौरम्मा उंबऱ्यावर बसून. आवाजानं विरूपाक्षप्पा बाहेर आले. त्यांना सगळं सांगितलं गेलं, आता सांगायला हरकत नव्हती. ते आधी रागावले, मग त्यांनाही हसू आलं, मग त्यांनी बोटं मोजली.

"दोघी झाल्या," ते म्हणाले. "वहीत रोज तीन हायत."

"घाबरल्यावर माणसाला जास्तीच दिसतंय," गौरम्मा म्हणाली.

सुलतानबी हसायची थांबली. "न्हाई भाभी. तीनच हाय की. मी तुमच्या मागं, तुमी तिच्या मागं."

"कुणाच्या?"

"ती पुढं चालायची ती. तिच्या हातात काय न्हाई. हरनं उठून तिला वाट द्यायची न्हाई का? मला वाटलं, तुमची सासू असंल."

गौरम्माची सासू अकरापैकी सातव्या बदलीच्या गावी वारली होती. गौरम्मानं ते सांगितलं नाही. "माझ्या पुढं कुणी नव्हतं," ती हळूच म्हणाली. मग तिनं सुलतानबीला चहा दिला, आणि सुलतानबीनं तो बशीत ओतून गार होईपर्यंत नुसता धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघी घरीच राहिल्या. दुपारी विरूपाक्षप्पा लांब पावलं टाकत आले. वाट कायम झाली होती, जिलानी कायम झाला होता, धर्माबाद टळलं होतं. गौरम्मानं बेलाची पहिली तीन पानं तोडून देवापुढं ठेवली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता काय दाखवायचं गं लोकांना?" विरूपाक्षप्पा नोंदवही उघडत म्हणाले. "व्रत सरलं. आजचा शेरा कोराच असणार."

तो कोरा नव्हता. त्यांनी आधी मनात वाचला, मग चष्मा पुसून मोठ्यानं वाचला.

"'आज एकच. पुढची. पाणवठ्यापाशी उभी राहून बराच वेळ मागे बघत होती.'"

तिसऱ्या पहाटे विरूपाक्षप्पांना भांड्याच्या आवाजानं जाग आली. गौरम्मा मडीचं पातळ नेसून तांब्या भरत होती. बाहेर अंगणात पांढरी ओढणी, हातात लोटा घेऊन थांबलेली दिसत होती.

"आता कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं. "झालं की सगळं मनासारखं."

पण गौरम्मा उंबरा ओलांडून गेली होती.